मदत हवी आहे : गच्चीवरच्या कुंड्यांना शेडनेट ५० टक्के की ७५?

नमस्कार मंडळी. मी भुसावळला राहतो. गच्ची पश्चिमेला पूर्ण उघडी. कुंड्या पंचवीसेक: मिरची, टोमॅटो, भरताची वांगी, मोगरा, कढीपत्ता. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, हे इथल्यांना सांगायला नको.

मागच्या उन्हाळ्यात ७५ टक्क्यांची (म्हणजे तेवढं ऊन अडवणारी) हिरवी शेडनेटची जाळी झाडांच्या शेंड्यांपासून जेमतेम दीड फुटावर ताणली होती. पानं करपायची थांबली, पण मिरची नुसतीच उंच वाढली, फूल धरेना. मोगरा तर रुसलाच. शिवाय दुपारी जाळीखाली भट्टी. मग जुन्या साड्या बांधल्या. पहिल्याच वावटळीत त्या शेजारच्या गच्चीवर!

पाणी पहाटेच देतो, बुडाशी केळीची वाळलेली पानं पसरतो, तेव्हा ते सोडून सांगा. घर भाड्याचं, त्यामुळे भोकं पाडता येत नाहीत. सिमेंट भरलेल्या डब्यांत लोखंडी पाइप उभे करून यंदा जाळी सात फुटांवर न्यायचा विचार आहे.

फळभाज्यांना ५० टक्क्यांची जाळी पुरेल का? हिरवी घ्यावी की पांढरी? आणि पश्चिमेची बाजू उभी झाकली तर हवा कोंडेल का?