मदत हवी आहे: मातीकामाची जुनी बिलं, १८ टक्के जीएसटी, नव्या कामगार संहिता. एप्रिलनंतरच्या निविदेत दर कसा धरायचा?

बोरीकाठचा ठेकेदार

राम राम मंडळी.

मी पारोळा तालुक्यातला नोंदणीकृत ठेकेदार. मोठा नाही. नाला खोलीकरण, पाझर तलावाची दुरुस्ती, चारीतला गाळ काढणं, मधूनमधून गावरस्त्याचं खडीकरण. शिवाय धाकट्या भावाच्या नावावर एका शासकीय कार्यालयाला सफाईचे आणि पहाऱ्याचे लोक पुरवायचं कंत्राट आहे. मार्चअखेर जवळ येतोय, निविदा निघायला लागल्यात, आणि या खेपेला नियमच इतके हललेत की दर काय भरावा कळेनासं झालंय.

सगळ्यात मोठं दुखणं मातीकामाचं. गेल्या उन्हाळ्यात नाल्याचं एक काम केलं. पावसाआधी पूर्ण, मोजमापं एमबीत (मोजमाप पुस्तकात) चढली. एकूण रकमेत मातीकाम पाऊणपेक्षा बरंच जास्त, म्हणून १२ टक्के जीएसटी धरून मंजुरी होती. निधी नाही म्हणून बिल पडून राहिलं. मध्येच २२ सप्टेंबर २०२५ आला आणि त्या कामावरचा दर १८ झाला. आता बिल निघायचा रंग दिसतोय तर लेखा शाखा म्हणते मंजुरी १२ ची आहे, १२ च देणार. सीए म्हणतात भरायचे १८. मधले ६ कोणी द्यायचे?

लोकांना वाटतं खरेदीवर भरलेल्या जीएसटीची पुढे जमा (वजावट) मिळते, मग रडता कशाला. मातीकामात जमा कशाची मिळणार? निम्म्याहून जास्त खर्च डिझेलचा, त्यावर जीएसटीच नाही. पोकलेनवाला शेजारच्या गावचा, त्याची नोंदणी नाही. डंपरचं तेच. ६ टक्के म्हणजे बऱ्याचदा आख्खी मजुरी आमची.

दुसरं, भावाच्या कंत्राटाचं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. कार्यालयात विचारलं तर "अजून आम्हाला पत्र नाही" एवढंच. आमचे लोक पन्नासच्या आत आहेत. आम्हाला काही लागू आहे की नाही?

तिसरं, एप्रिलपासून आणखी काय बदलतंय ते कोणी सरळ सांगेल का?

"चांगला सीए धरा" हे उत्तर कृपया नको. सीए चांगलाच आहे, पण त्याला निविदेतल्या अटी आणि टेबलावरची रीत माहीत नाही.

पांझराकाठ

भाऊ, मी लेखा विभागातून निवृत्त झालोय, त्यामुळे दुसऱ्या बाजूचं पण ऐका.

तुमचे सीए बरोबर आहेत. दर बदलला की जीएसटी कायद्याचं कलम १४ लागतं. तीन गोष्टींच्या तारखा बघायच्या: काम कधी झालं, इन्व्हॉइस कधी काढलं, पैसे कधी आले. तीनपैकी दोन गोष्टी जुन्या दराच्या काळात असतील तर जुना दर, दोन नव्या काळात असतील तर नवा. तुमचं काम जुन्या काळातलं. पैसे नव्या काळात येणार. म्हणजे सगळा निकाल इन्व्हॉइसच्या तारखेवर. २२ सप्टेंबरच्या आत काढलं असेल तर १२, नसेल तर १८.

आणि इथेच आपल्याकडची रीत अंगावर येते. बिल पास होईपर्यंत टॅक्स इन्व्हॉइस कोणी मागत नाही, आणि ठेकेदारही काढत नाही, कारण काढलं की कर खिशातून भरावा लागतो आणि पैसे तर कधी येतील देव जाणे. यात ठेकेदाराला दोष देता येत नाही. मागची तारीख टाकून इन्व्हॉइस करायला कोणी सांगितलं तर मात्र कानावर हात ठेवा. विवरणपत्रात ते कुठेच बसणार नाही.

लेखा शाखेला "६ टक्के द्या" असं तोंडी सांगून काही होत नाही. निविदा काढा आणि दर करासह मागवले होते की कराशिवाय ते बघा. कराशिवाय असतील आणि "जीएसटी प्रचलित दराने स्वतंत्र देय" अशा अर्थाची अट असेल, तर मंजुरीत १२ लिहिलंय हा त्यांचा अंतर्गत प्रश्न. गरज पडली तर त्यांनी सुधारित मान्यता घ्यायची. दर करासह असतील तर भांडण अवघड आहे, खोटी आशा देत नाही.

बोरीकाठचा ठेकेदार

अट तपासली. "जीएसटी वेगळा, नियमानुसार" असंच आहे. म्हणजे बाजू आपली?

पांझराकाठ

बाजू आपली, पण कागद करा. कार्यकारी अभियंत्याच्या नावाने पत्र, त्यात अटीचा क्रमांक, दर बदलल्याची तारीख, एमबीचं पान आणि फरकाची रक्कम. आवक क्रमांकासह पोच घ्या. बिल स्वीकारताना "फरकाची रक्कम देय, हक्क राखून स्वीकारले" असं लिहून सही करा. फायनल बिलावर "पूर्ण आणि अंतिम" लिहून सही केली की मग पुढे कोणी ऐकत नाही.

आणखी एक, बरेच जण सोडून देतात. अडीच लाखांवरच्या कंत्राटात विभाग बिलातूनच २ टक्के जीएसटी टीडीएस कापतो. ती रक्कम जीएसटी पोर्टलवर जाऊन स्वीकारली नाही तर तुमच्या तिथल्या रोख खात्यात येत नाही. जाऊन बघा, जुने पैसे सापडतील.

चोपड्याचा बिल्डर

मी इमारतीची कामं करतो. सिमेंट २८ वरून १८ वर आलं तर सगळे म्हणतात ठेकेदार गब्बर झाले. आमचा विक्रीवरचा दर २०२२ पासून १८ च आहे. सिमेंटवरची जमा कमी झाली, तेवढा कर आता रोखीने भरावा लागतो. बेरीज तीच भो. फक्त सिमेंट घेताना कमी पैसे अडकतात, एवढाच काय तो आनंद.

धुळ्याची वकील

कामगार संहितांबद्दल लिहिते, कारण इथे गैरसमज फार आहेत.

दादा, पन्नासची मर्यादा फक्त कंत्राटी कामगारांच्या परवान्यासाठी आहे. महाराष्ट्रात ती २०१७ पासूनच पन्नास होती, त्यामुळे तुमच्यासाठी तिथे फारसं बदललेलं नाही. पण वेतन संहितेला ती मर्यादा नाही. किमान वेतन आणि वेळेवर वेतन हे माणसं पन्नासच्या आत असली तरी आहेच. मासिक पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत. काम सोडलेल्या किंवा काढलेल्या माणसाचा हिशेब दोन कामाच्या दिवसांत. कार्यालयाचं बिल आलं नाही हे कारण कायद्यात बसत नाही. ठेकेदाराने वेतन दिलं नाही तर जबाबदारी मूळ कार्यालयावर येते, आणि मग ते तुमच्या बिलातून वसूल करतात.

पैशाच्या दृष्टीने दोन बदल बघा. एक, वेतनाची व्याख्या. मूळ पगार नि महागाई भत्ता सोडून बाकीचे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त झाले तर जादा भाग वेतनातच धरायचा. मूळ पगार लहान आणि भत्त्यांची रांग मोठी, ही युक्ती संपली. दोन, मुदतीच्या नेमणुकीवरच्या माणसाला आता एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी. पूर्वी पाच वर्षं लागायची, आणि कंत्राटच दरवर्षी बदलायचं म्हणून कोणी हिशेबात धरायचं नाही. दहा किंवा जास्त लोक असतील तर वेतनाच्या सुमारे ४.८१ टक्के दरात धरा. सेवा शुल्क शून्याच्या आसपास भरून निविदा जिंकणाऱ्यांचं गणित इथेच फसणार आहे.

"आम्हाला पत्र नाही" याला अर्थ नाही. पत्र येवो न येवो, कायदा लागू आहे. जुने नियम संहितेशी विसंगत नाहीत तिथवर तात्पुरते चालू आहेत, एवढंच.

पीएफमध्ये काही लोक घालायचे राहिले असतील तर कर्मचारी नोंदणी योजना ३० एप्रिल २०२६ पर्यंत आहे. जुलै २०१७ ते ऑक्टोबर २०२५ मधल्या राहिलेल्या लोकांसाठी. पगारातून कापला नसेल तर कामगाराचा हिस्सा माफ, मालकाचा भरायचा, दंड नाममात्र १०० रुपये.

साक्रीचा खडीवाला

कसं काय भाऊ. जीएसटीच्या नादात रॉयल्टी (खडी-वाळूवरचं शासनाचं शुल्क) विसरू नका. मुरूम, खडी, वाळूचे वाहतूक पास बिलाला जोडले नाहीत तर ब्रासला (१०० घनफुटाला) ६०० च्या हिशेबाने सरळ कपात, आणि तहसीलची नोटीस आली तर जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड. गिरणेची असो की पांझरेची, बिनपासची वाळू कोणी "साइटवर टाकून देतो" म्हणाला तर घेऊ नका. शासकीय कामात कृत्रिम वाळूचा आग्रह २०२५ च्या धोरणापासून वाढतोय, तिची रॉयल्टी ब्रासला २०० ठेवलीय. निविदेत कुठली वाळू लिहिलीय ते बघून दर भरा, क्रशर किती लांब आहे त्यावर सगळं गणित हलतं.

बोरीकाठचा ठेकेदार

सगळ्यांचे आभार. ताई, एक विचारतो. बिल अडकलं की आम्ही फक्त चकरा मारतो. कायद्यात काही रस्ता आहे का? एमएसएमईचं (लहान उद्योगांना उशिराच्या बिलावरचं) व्याज मिळतं म्हणे.

धुळ्याची वकील

उद्यम नोंदणी (लहान उद्योगाची सरकारी नोंदणी) ठेवाच. पण ४५ दिवसांनंतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज ही तरतूद माल आणि सेवा पुरवणाऱ्यांसाठी आहे. बांधकामाच्या कंत्राटाला ती लागू नाही असे निकाल मुंबई उच्च न्यायालयाने यापूर्वी दिलेत. भावाच्या मनुष्यबळाच्या बिलासाठी अर्ज करून बघण्यात अर्थ आहे. नाल्याच्या बिलासाठी त्यावर विसंबू नका. गंमत अशी की पंचेचाळीस दिवसांचा धाक उलट तुम्हालाच आहे. उद्यम नोंदणी असलेल्या पोकलेनवाल्याचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च आयकरात त्या वर्षी धरता येत नाही. सरकारला आयकरच नाही, तर धाक कसला.

बी-१ फॉर्मचं (शासकीय कामाच्या ठरलेल्या करारनाम्याचं) कलम ३० वाचलंय का? वादात अधीक्षक अभियंत्याचा निर्णय अंतिम असं तिथे असतं, लवाद (कोर्टाबाहेर वाद सोडवणारा पंच) नसतो. ज्या कंत्राटांत लवाद आहे तिथे विभागाने एकट्याने लवाद नेमायचा हा प्रकार सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये रद्द ठरवलाय. लवाद नसेल तर दावा. ३ लाखांच्या पुढचा बांधकाम वाद व्यावसायिक न्यायालयात जातो, त्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे, आणि शासनाला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस. विभागाने रक्कम कबूल केलेली असेल आणि फक्त देत नसेल, तर उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात रिट याचिका करता येते.

पण सगळ्यात महत्त्वाची मुदत. काम झाल्यापासून तीन वर्षं. "निधी आल्यावर देऊ" या तोंडी बोलण्याने ती वाढत नाही. तीन वर्षं संपायच्या आत विभागाने देणं मान्य केल्याचं सहीचं पत्र मिळालं तर तिथून नवी मुदत मोजतात. म्हणून चकरा मारायच्याच असतील तर प्रत्येक चकरेला एक पत्र द्या.

पांझराकाठ

एप्रिलचं राहिलं. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ येतोय. कंत्राटावरची कपात १ आणि २ टक्केच, फक्त १९४सी जाऊन कलम ३९३ लिहिलेलं दिसेल, आणि "कर वर्ष" हा शब्द. एप्रिलनंतरच्या कपातीची प्रमाणपत्रं जुन्या कलमाची आली तर परत पाठवा. इमारत कामगार उपकराचा १ टक्का कापला जातोच, तो दरात धरायला विसरू नका.

बोरीकाठचा ठेकेदार

शेवटचं एकच. भावाच्या कंत्राटाला जुन्याच दराने तीन महिने मुदतवाढ देतायत, संमतीपत्र मागितलंय. द्यायचं का?

धुळ्याची वकील

द्या, पण कोरं देऊ नका. किमान वेतनातला विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैत बदलतो, तो धरून एक ओळ घाला: "मुदतवाढीच्या काळात किमान वेतन, विशेष भत्ता, भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी किंवा कोणत्याही कायद्यातील बदलामुळे येणारा वाढीव खर्च कार्यालयाने प्रत्यक्षाप्रमाणे द्यावा, या अटीवर संमती." ही ओळ खोडून मागितली तर ते पत्र जपून ठेवा आणि माणसं चालू ठेवण्याआधी मला निरोप करा.