लेकासाठी जुन्या ढंगाचा वेस्टर्न शर्ट हाताने शिवायचाय, सल्ला हवा

निळीरेघ:
लेक साडेपाच वर्षांचा, छाती ५८ सेमी. १९५० च्या दशकातला असतो तसा काउबॉय शर्ट हवाय त्याला: टोकदार योक (खांद्याखालचा वेगळा तुकडा), लाल गोट (कडेची दोरी भरलेली पट्टी), मोत्यासारखी टिचबटणं (दाबून लावायची बटणं). वाढदिवसाला तीन आठवडे आहेत. मशीन नाही, घ्यायचंही नाही. कापडासाठी नवऱ्याचा जुना शँब्रे (डेनिमसारखं दिसणारं हलकं सुती कापड) शर्ट उसवलाय. खर्च करायचा तो फक्त बटणांवर. योकची टोकं हाताने नीट येतील का? टिचबटणं टिकतात का?

चारसुया:
मशीन घ्याच. मी मागच्या वर्षी घेतलं आणि आधी का नाही घेतलं असं झालं. शर्टाला दीड दिवस लागतो. हाताने तीन आठवड्यांत होणार नाही, मी आत्ताच सांगते.

काजबटण:
त्यांनी मशीन नको म्हटलंय ना? हाताने होतं. मी भाच्याचा केलाय.
योक मुख्य कापडाला जोडून शिवू नका, वरून ठेवून शिवा. पुठ्ठ्यावर योकचा आकार कापा. १ सेमी माया (शिलाईसाठीचं जादा कापड) सोडून कापड त्यावर दुमडा, इस्त्री फिरवा, पुठ्ठा काढा. कच्चा टाका घालून कडेने बारीक टाक्यांनी बसवा. दोन टोकांमधल्या खाचेत मायेला रेषेच्या २ मिमी अलीकडेपर्यंत काप द्यावा लागतो. तिथेच धागे सुटतात, म्हणून आधी त्या जागी चार-पाच काजाचे टाके घाला. माझी एक खाच याच चुकीने उसवली होती.

उरेबपट्टी:
गोटाची दोरी आधी गरम पाण्यात भिजवून वाळवा! जुना शँब्रे आता आटणार नाही, पण कोरी दोरी आटते आणि अख्खा योक चुणतो. माझा चुणलाय. पट्टी ४५ अंशांत उरेबच कापा, सरळ पट्टी टोकावर वळत नाही.

खोगीर:
टिचबटणं ही काउबॉयांची शेकडो वर्षांची चाल आहे, ती हवीतच.

जुनीटीप:
शेकडो वर्षं नव्हे. एकोणिसाव्या शतकातले कामाचे शर्ट बहुतेक डोक्यातून घालायचे आणि साध्या बटणांचे. वेस्टर्न शर्टाला टिचबटणं आणण्याचं श्रेय डेन्व्हरच्या जॅक वाइल यांना देतात. त्यांची रॉकमाउंट कंपनी १९४६ ची. कारण साधं: शर्ट खोगिराच्या मुठीत अडकला तर टिचबटणं झटकन सुटतात, माणूस ओढला जात नाही.

खोगीर:
काउबॉय त्याआधीही होतेच की.

जुनीटीप:
होते. टिचबटणं नव्हती.

काजबटण:
चर्चा योकची आहे, इतिहासाची नाही.

चारसुया:
टिचबटणं नकोत. मी मुलीच्या शर्टाला एकेरी कापडावर ठोकली, पहिल्याच धुण्यात दोन निघाली आणि तिथे भोकं पडली. घरात तान्हं बाळ असेल तर सुटलेलं बटण तोंडात जायचं. त्यापेक्षा उसवलेल्या शर्टाची काजपट्टी तशीच वापरा.

उरेबपट्टी:
+१, काजपट्टी. दोरी भिजवायचं विसरू नका.

टाकासाखळी:
मी लेकीच्या शर्टाला पाठभर साखळी टाक्याचे गुलाब भरलेत, चार महिने लागले. बघणारा प्रत्येक जण थांबतो. तुम्हाला तीन आठवड्यांत तेवढं जमणार नाही, पण खिशाच्या दोन्ही कोपऱ्यांवर बाणाची टोकं भरा. वेस्टर्नची ओळख तीच.
बाजूच्या शिलाईला बखिया घाला, मग एका बाजूची माया अर्धी कापून दुसरी तिच्यावर दुमडून तुरपा. नुसता धावदोरा मुलाच्या अंगावर टिकत नाही.

निळीरेघ:
दहा दिवसांनी सांगतेय. योक पुठ्ठ्याने बसवला, खाचा शाबूत आहेत. काजबटण ताई, मनापासून आभार.
गोट रद्द केला. लाल दोऱ्याचे दोन पदर घेऊन योकच्या कडेने साखळी टाका घातलाय, मला तोच जास्त आवडला.
काजपट्टी नाही वापरली. मोठ्यांच्या काजांमधलं अंतर लहान छातीवर विचित्र दिसत होतं, आणि लेकाला तो टिच आवाजच हवाय. पट्टी दुहेरी केली, मध्ये बकरम (ताठ अस्तर) घातलं, चिंधीवर तीन बटणं ठोकून बघितली आणि मग शर्टावर सहा लावली. चौथं वाकडं बसलं, ते उचकटून नवं ठोकलं. आता कफ राहिलेत.

चारसुया:
कफ मशीनवर घ्या.