रविवारी बर्फात भटकंती, आठवडाभर घरात ओल: दोघांनी हे कसं जमवायचं?

दोघंच_सध्या

नवीन लग्न, दोन खोल्यांचं घर, दोघांची पूर्णवेळ नोकरी. हिवाळ्यात बाहेर उणे ५ ते उणे १२ अंश. रविवारी चार-पाच तास बर्फातून पायी फिरायला जातो. प्रश्न तीन:

१. मला अर्ध्या तासात हातापायांना मुंग्या येतात. नवरा त्याच वेळी घामाघूम होऊन जॅकेट काढतो. कपडे दोघांचे साधारण सारखेच आहेत.

२. परतल्यावर बूट, मोजे, जॅकेटं घरभर वाळत पडतात. सकाळी खिडक्यांवरून पाणी ओघळतं. पलंगामागच्या कोपऱ्यात काळे ठिपके दिसू लागलेत.

३. रविवार फिरण्यात गेला की धुणं, स्वयंपाक, साफसफाई सगळं सोमवारवर ढकललं जातं आणि त्यावरून कुरबुर होते. ठरावीक दिनक्रम असेल तर सांगा. "एकमेकांना समजून घ्या" सोडून काहीही चालेल.

चढउतार

पहिल्या प्रश्नाचं उत्तर कपड्यांत कमी आणि चालीत जास्त आहे. माणूस बसलेला असताना साधारण १०० वॅट उष्णता तयार करतो, भरभर चालताना त्याच्या तिप्पट-चौपट. उंच माणूस रमतगमत चालत असेल तेव्हा बुटका जवळजवळ धावत असतो. किंवा उलट, एक पुढे जाऊन थांबतो आणि वाट बघताना गार पडतो. त्यात लहान शरीराचं वजनाच्या मानाने पृष्ठफळ जास्त, म्हणून उष्णता लवकर जाते. सारखे कपडे घातले की दोघांपैकी एकाचे चुकणारच.

हळू चालणाऱ्याने पुढे राहायचं. दोघांचं मिळून जे सामान असेल (पाणी, फ्लास्क, जादा कपडे) ते ज्याला उकडतं त्याच्या पाठीवर. एवढ्याने वेग बराचसा जुळतो.

आता कपडे. अंगालगतचा थर लोकरीचा किंवा पॉलिस्टरचा, सुती अजिबात नाही. सुती कापड घाम धरून ठेवतं, उशिरा वाळतं आणि ओलं झालं की ऊब देत नाही. मधला थर फ्लीस किंवा लोकर. वरचा थर वारा अडवणारा. निघताना दोघांनाही किंचित गार वाटलं पाहिजे. दारातच उबदार वाटत असेल तर दहा मिनिटांत घाम येईल. नवऱ्याने घाम फुटल्यावर नाही, फुटण्याआधी मधला थर काढायचा. तुमच्यासाठी त्याच्या बॅगेत एक जाड पिसांचं किंवा कृत्रिम भरणाचं जॅकेट ठेवा, वरच्या थरावरूनही चढेल इतकं सैल. ते चालताना घालायचं नाही. थांबलात की पहिल्याच मिनिटात घालायचं, हुडहुडी भरल्यावर नाही.

बोटांसाठी पाच बोटांचे हातमोजे सोडून चार बोटं एकत्र राहतील असे मिटन घ्या आणि आत पातळ हातमोजे, म्हणजे चेन लावायला उघडी बोटं बाहेर काढावी लागत नाहीत. मनगट उघडं राहिलं तर मिटन कितीही जाड असो, उपयोग नाही.

पायांना मुंग्या येण्याचं नेहमीचं कारण म्हणजे मोज्यांचे दोन जोड. बूट घट्ट होतो, रक्तपुरवठा कमी होतो आणि ऊब धरणारी हवाही दाबली जाते. बुटात बोटं मोकळी हलली पाहिजेत. एकच जाड लोकरी जोड पुरतो. दुसरा कोरडा जोड बॅगेत, अर्ध्या वाटेत बदलायला.

थर्मामीटरवर जाऊ नका, वारा बघा. उणे १० अंशांना ताशी ३० किमी वारा असेल तर उघड्या त्वचेला ते उणे २० सारखं लागतं. म्हणून जाताना वाऱ्याच्या तोंडावर आणि येताना वारा पाठीशी, असा रस्ता निवडा. दमलेले आणि घामेजलेले असताना समोरून वारा नको.

कोरडा_कोपरा

दुसऱ्या प्रश्नावर. काळे ठिपके म्हणजे बुरशी, आणि ती भिंत "खराब" असल्यामुळे नाही, हवेतल्या पाण्यामुळे येते. मशीनमधून पिळून काढलेल्या एका फेरीच्या धुण्यात अजून सुमारे दोन लिटर पाणी असतं. ते घरात वाळवलं की सगळं हवेत जातं. रविवारचे कपडे आणि आठवड्याचं धुणं एकाच रात्री वाळत घातलं तर खिडक्या रडणारच.

थोडं गणित. खोलीत २० अंश आणि ६०% आर्द्रता असेल तर १२ अंशांहून थंड पृष्ठभागावर पाणी सुटतं. ५०% असेल तर हीच हद्द ९ अंशांवर येते. बाहेर शून्य असताना दुहेरी काचेची आतली बाजू १२ अंशांच्या आसपास असते, एकेरी काचेची ५ च्या आसपास. म्हणजे दुहेरी काच असेल तर आर्द्रता ५०% च्या खाली ठेवली की बहुतेक दिवस प्रश्न मिटतो. एकेरी काचेवर काही ना काही पाणी येणारच. ते सकाळी रबरी पट्टीने ओढून फडक्यात घ्यायचं आणि ते फडकं घरात वाळत घालायचं नाही. (हा शेवटचा भाग सगळे विसरतात.)

आधी साधा आर्द्रतामापक आणा आणि बाहेरच्या भिंतीजवळ ठेवा, हीटरजवळ नाही.

वाळवायला एकच जागा ठरवा. न्हाणीघरात एक्झॉस्ट पंखा असेल तर तिथे: दार बंद, पंखा चालू, दाराखाली हवा यायला बोटभर फट. पंखा नसेल तर सर्वांत लहान खोली, दार बंद, खिडकी किंचित उघडी. कपडे घरभर पसरले की ओलही घरभर पसरते. मशीनमध्ये पिळण्याची जादा फेरी द्या. पाणी मोटरने काढणं हीटरने उडवण्यापेक्षा कितीतरी स्वस्त.

खिडकी दिवसभर फटीएवढी उघडी ठेवण्यापेक्षा सकाळी आणि रात्री समोरासमोरच्या खिडक्या पाच ते दहा मिनिटं सताड उघडा. "बाहेर तर धुकं आहे, ओल आत येईल" हा गैरसमज. शून्य अंशाची ९०% आर्द्रतेची हवा आत येऊन २० अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता पाव भागाच्याही खाली उतरते. एवढ्या वेळात हवा बदलते, भिंती गार होत नाहीत.

पलंग आणि कपाट बाहेरच्या भिंतीपासून ५ ते १० सेंमी दूर सरकवा. आत्ताचे ठिपके कोरड्या ब्रशने खरवडू नका, बीजाणू उडतात. साबणाच्या पाण्याने ओल्या फडक्याने पुसा, जागा पूर्ण वाळवा, फडकं टाकून द्या. रंग नंतर. ओल असताना वरून रंग दिला तर पुढच्या हिवाळ्यात ठिपके पुन्हा तिथेच.

दोघंच_सध्या

धन्यवाद. दुहेरी काच आहे. बुटांचं विचारायचं राहिलं: हीटरला टेकवून ठेवले तर सकाळपर्यंत वाळतात. चालेल ना? आणि पिसांचं जॅकेट मशीनमध्ये धुऊन बघितलं तर आत गुठळ्या झाल्या.

टाच_आणि_तळवा

हीटरला टेकवू नका. तळव्याचा डिंक तापून सुटतो, चामडं आकसून तडकतं. आतला सुटा तळवा बाहेर काढा, नाड्या पूर्ण सैल करा, जीभ पुढे ओढा, आत वर्तमानपत्राचे बोळे भरा. पहिले बोळे तासा-दोन तासांत चिंब होतात, ते बदलायचे. रात्री एकदाच भरून झोपलात तर ओला कागदच बूट ओला ठेवतो.

जॅकेट बिघडलेलं नाही, अर्धवट वाळलंय. पिसांसाठीचा साबण, जादा धुवायची एक फेरी, मग ड्रायरमध्ये मंद उष्णतेवर दोन-तीन टेनिसचे चेंडू टाकून फिरवा. वेळ खूप लागतो, दोन-तीन तास सहज. मधूनमधून बाहेर काढून गुठळ्या हाताने फोडा. बाहेरून कोरडं लागलं म्हणून थांबू नका. आत ओल राहिली की कुबट वास धरतो. कापड मऊ करायचं द्रव्य कुठल्याच फिरायच्या कपड्याला लावू नका, घाम ओढून घ्यायची आणि पाणी झटकायची ताकद जाते.

कोरडा_कोपरा

बोळ्यांबद्दल थोडी असहमती. कागद पहिल्या तासापुरता ठीक. त्यानंतर बूट आडवे टाकून तोंडाशी साधा टेबलपंखा लावा. वाळवतं ते हलती हवा, उष्णता नाही. तोही त्याच वाळवणाच्या खोलीत.

टाच_आणि_तळवा

पंखा असेल तर तोच बरा, मान्य.

रविवार_संध्याकाळ

तिसऱ्या प्रश्नाला वळतो. कुरबूर कामांच्या यादीवरून होत नाही, परतल्यानंतरच्या पहिल्या पाऊण तासावरून होते. दोघं दमलेले, भुकेले, दारात बर्फाचं पाणी, आणि "जरा बसतो" म्हणून जो आधी बसतो तो हरलेला. म्हणून कामं "अर्धी तुझी, अर्धी माझी" अशी न वाटता मालकी वाटा. एकजण ओल्याचा मालक: दारातच बूट मोठ्या ट्रेमध्ये, जॅकेट झटकून खुंटीवर, मोजे उलटे करून वाळवणावर, पंखा चालू, फ्लास्क धुऊन झाकण उघडं. दुसरा पोटाचा मालक: शनिवारी शिजवून ठेवलेलं गरम करणं आणि ताटं मांडणं. महिन्याने अदलाबदल. मालकाने कसं करायचं यात दुसऱ्याने नाक खुपसायचं नाही. ही अट पाळायला सर्वांत अवघड.

धुणं रविवारी नकोच. बुधवारी एक फेरी, शुक्रवारी एक. मग रविवारी वाळवणाची जागा रिकामी असते आणि वर सांगितलेलं दोन लिटरचं गणितही सांभाळलं जातं.

शनिवारी रात्री बॅग भरून दाराशी. सकाळी फक्त फ्लास्क: आधी उकळतं पाणी घालून पाच मिनिटं झाकून ठेवा, ते ओता, मग पेय काठोकाठ भरा. थंड स्टीलमध्ये थेट ओतलं तर दुपारी कोमट मिळतं. पाण्याची बाटली बॅगेत उलटी ठेवा, गोठायला वरून सुरुवात होते आणि बूच मोकळं राहतं.

आणि परत फिरायची वेळ घरी असतानाच ठरवा, तिथे जाऊन नाही. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाचा १८९२ चा ठोकताळा आहे: ताशी ५ किमी, वर दर ६०० मीटर चढाला एक तास. ताज्या बर्फात याच्या दुप्पट वेळ धरा. सूर्यास्ताच्या एक तास आधी घरी किंवा गाडीपाशी पोचायचं असेल तर मागे मोजत या. ती वेळ झाली की शिखर शंभर पावलांवर असलं तरी वळायचं, आणि ज्याला वळायचंय त्याचा शब्द शेवटचा.

चढउतार

दोन गोष्टी राहिल्या, त्या मात्र दोघांनीही पाठ करा.

जोडीदार अडखळायला लागला, शब्द जड झाले, चेन लावता येईना, विनाकारण चिडचिड करू लागला, तर ते भांडण नाही, शरीर गार पडतंय. वाऱ्याआड न्या, ओलं बदला, कोरडा जाड थर, टोपी, गोड गरम पेय. दारू नको, त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, उबदार वाटतं आणि उष्णता निघून जाते. कापरं थांबलं पण माणूस सुस्त झाला तर ती सुधारणा समजू नका, तातडीची मदत बोलवा. बोटं पांढरी, बधिर झाली तर चोळू नका, काखेत धरा. मेणासारखी कडक लागली तर डॉक्टर.

दुसरं गाडीचं. बर्फात अडकून आत बसलात आणि उबेसाठी इंजिन सुरू करायचं असेल तर आधी उतरून धुराच्या नळीभोवतीचा बर्फ काढा, आणि बर्फ पडत असेल तर पुन्हा पुन्हा बघा. नळी बुजली की कार्बन मोनॉक्साइड आत येतो. त्याला रंगही नाही, वासही नाही. तापमान दर दहा अंशांनी उतरलं की टायरमधली हवा साधारण दोन पीएसआयने कमी होते, तीही निघण्याआधी गार टायरवरच तपासा. मोबाइल आतल्या खिशात, अंगाशी. गारठलेला मोबाइल घरी आणल्या आणल्या चार्जिंगला लावू नका, आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या.