ब्रेस्ट कॅन्सरची केमो चालू आहे, कॉफी आणि गोडधोड पूर्ण बंदच करायचं का?

पारिजात_नाशिक

नमस्कार मंडळी, वय ४७, डाव्या बाजूला गाठ निघाली, हॉर्मोन पॉझिटिव्ह (म्हणजे शरीरातल्या हॉर्मोनवर वाढणारी), हर-टू निगेटिव्ह (हर-टू नावाचं प्रथिन जास्त नसलेली), स्टेज दोन. ऑपरेशन झालंय, स्तन ठेवून गाठ आणि काखेतल्या ग्रंथी काढल्या. आता केमो सुरू आहे, आधी ते लाल औषध चार वेळा, मग दर आठवड्याचं पॅक्लिटॅक्सेल, त्यानंतर रेडिएशन आणि मग बरीच वर्षं गोळ्या असं सांगितलंय.

प्रश्न खाण्याचा आहे. डॉक्टर म्हणाले घरचं ताजं सगळं खा. पण बाहेर पेशंटची इतकी रांग होती की "सगळं" म्हणजे नक्की काय ते विचारायचं राहून गेलं. आणि घरी आल्यावर प्रत्येकाकडे वेगळी यादी! नणंदेने व्हिडिओ पाठवला की साखर बंद केली की गाठ उपाशी मरते. चुलतदीर म्हणतात साखर नको पण गूळ आणि मध पाहिजे तेवढा चालतो. शेजारच्या काकू म्हणाल्या कॉफीनेच झालं असेल, तू फार प्यायचीस. मी दिवसाला दोन कप प्यायचे हो, सकाळी एक आणि चार वाजता सासूबाईंबरोबर एक, दुधाची, चमचाभर साखर घालून. आता सासूबाईंनीही माझ्यामुळे स्वतःची कॉफी सोडलीय आणि चार वाजता आम्ही दोघी नुसत्या बसून असतो, ते मला जास्त लागतंय.

गणपती जवळ आलेत. आमच्याकडे उकडीचे मोदक मीच करते, या वर्षी जाऊबाई करणार आहेत, पण मी एकसुद्धा खायचा नाही असं सगळ्यांनी ठरवून टाकलंय. मला भरपूर खायचं नाहीये. थोडं खाल्लं, एखादा कप प्यायला तर आजार वाढतो का, एवढंच खरं खरं सांगा. ज्यांनी हे स्वतः काढलंय त्यांनी तर जरूर लिहा.

करवीर_वहिनी

पारिजातताई, आधी एक घट्ट मिठी. माझी ट्रीटमेंट २०१९ला झाली, तुमच्यासारखीच लाल औषधापासून सुरुवात. माझ्या डॉक्टरांनी कॉफी बंद करायला अजिबात सांगितलं नव्हतं. पण ऐका, केमोत कॉफी तुम्हीच नको म्हणाल असे दिवस येतात. मला पहिले चार-पाच दिवस फोडणीचा वास सहन व्हायचा नाही, कॉफीचाही नाही, आणि तोंडाला लोखंड चाटल्यासारखी चव. त्या दिवसांत कोमट लिंबू सरबत, आलेपाकाची वडी, ताकात भिजवलेला मऊ भात यावर निभवायचं. मग एक दिवस सकाळी उठून कॉफी प्यावीशी वाटली की समजायचं पोट ताळ्यावर आलं. मी तेव्हा अर्धा कप घ्यायचे, दूध जास्त, पावडर कमी, आणि चांगली निववून. तोंड आलेलं असेल तर गरम काहीच नको, आग होते नुसती.

पाण्याचं विसरू नका. लाल औषधाच्या जोडीला सायक्लोफॉस्फामाइड देतात बहुतेक, ते मूत्राशयाला त्रास देतं म्हणून भरपूर पाणी प्यायला सांगतात. कॉफी प्यायले म्हणजे पाणी झालं असं धरायचं नाही, पाणी वेगळं. आणि संध्याकाळनंतर कॉफी नकोच. उलटीसाठी जी डेक्सामेथासोनची गोळी देतात तिनेच रात्री डोळा लागत नाही, वर कॉफी कशाला.

सासूबाईंना म्हणावं तुम्ही तुमचा कप घ्या आणि सुनेलाही घोटभर द्या. चार वाजता आपल्या माणसाजवळ बसून प्यायलेल्या कॉफीची ताकद वेगळी असते, मी अनुभवाने सांगते.

आहार_आणि_आपण

मी कॅन्सर पेशंटसोबत काम करणारी डाएटिशियन आहे. हे प्रश्न रोज येतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते. तुमचे रिपोर्ट मी पाहिलेले नाहीत तेव्हा शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचाच.

कॉफी आधी. जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सरवर संशोधन करणारी संस्था आहे, आयएआरसी. त्यांनी १९९१ मध्ये कॉफी मूत्राशयाच्या कॅन्सरसंदर्भात संशयितांच्या यादीत टाकली होती आणि २०१६ मध्ये हजारभर अभ्यास पुन्हा तपासून ती तिथून काढली. स्तनाच्या कॅन्सरबद्दल तर त्यांनी म्हटलं की कॉफीमुळे तो होत नाही असंच पुरावा सुचवतो. त्याच वेळी त्यांनी एक इशारा दिला तो वेगळा, ६५ अंश सेल्सिअसपेक्षा गरम कुठलंही पेय, मग चहा असो की कॉफी, अन्ननलिकेला घातक असण्याची शक्यता आहे. म्हणजे उकळती कॉफी घशात ओतू नका, बास. त्यामुळे काकू म्हणाल्या ते डोक्यातून पूर्ण काढून टाका, कॉफीने तुम्हाला हे झालेलं नाही.

किती प्यायची? निरोगी मोठ्या माणसाला दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन चालतं असं युरोपातली अन्नसुरक्षा संस्था सांगते. आपल्या घरच्या इन्स्टंट कॉफीच्या कपात साधारण ६० च्या आसपास असतं, चिकोरी मिसळलेली असेल तर आणखी कमी. म्हणजे तुमचे दोन कप कुठल्या कुठे आत बसतात. पण केमोत छातीत धडधड होत असेल, जुलाब लागले असतील किंवा ॲसिडिटी असेल तर तेवढे दिवस थांबा. धडधड असेल तर डॉक्टरांना सांगाच, कारण लाल औषधाचा हृदयावर परिणाम होऊ शकतो, त्याचसाठी आधी टू-डी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, काढून घेतात. आणि लोहाची गोळी चालू असेल तर ती आणि चहा-कॉफी यात तास-दोन तास अंतर ठेवा, नाहीतर लोह अंगी लागत नाही.

आता साखर. कॅन्सरच्या पेशी ग्लुकोज जास्त ओढतात हे खरंच आहे, पेट स्कॅन त्यावरच चालतो, किरणोत्सर्गी ग्लुकोज टोचतात आणि जिथे ते जास्त साठतं तिथे चमकतं. लोक इथवर बरोबर ऐकतात आणि पुढे उडी मारतात की मग साखर सोडली की गाठ उपाशी. तसं होत नाही. मेंदू, स्नायू, रक्ताच्या पेशी सगळ्यांनाच ग्लुकोज लागतं आणि तुम्ही साखरेचा कणही खाल्ला नाहीत तरी पोळी-भातातून ते येणार, तेही सोडलंत तर यकृत प्रथिनांपासून बनवणार. शेवटी झिजतात ते तुमचे स्नायू, गाठ नाही.

आणि गूळ आणि मध पाहिजे तेवढा, हे तर मुळीच नाही. गूळ म्हणजे बहुतांशी साखरच. त्यातलं लोह-बिह आपण खातो त्या प्रमाणात नगण्य. शरीराला दोन्ही सारखंच.

मग गोड कमी का करायचं? वजनामुळे. या आजारात केमोनंतर बायकांचं वजन वाढतं, पाळी जाते, हालचाल कमी होते. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन मुख्यतः चरबीत तयार होतं आणि तुमचा आजार हॉर्मोन पॉझिटिव्ह आहे. तेव्हा वजन आटोक्यात ठेवणं हे औषधाइतकंच मनावर घ्या. डब्ल्यूएचओ म्हणते वरून घातलेली साखर एकूण कॅलरीच्या दहा टक्क्यांखाली ठेवा, जमलं तर पाच, म्हणजे दिवसाला साधारण २५ ग्रॅम, पाच-सहा छोटे चमचे. त्यात गूळ, मध, सरबत, बिस्किटं सगळं आलं. दोन कॉफीचे दोन चमचे धरले तरी जागा उरते. रोज बिस्किटाचा पुडा, खारीबरोबर जॅम आणि जेवणावर श्रीखंड असं चाललं तर मात्र नाही उरत.

मुक्काम_पोस्ट_लातूर

माझ्या आईचं सांगतो, कारण तुमच्या घरच्यांनी हे वाचावं असं वाटतं. आम्ही उपचाराला मुंबईत होतो, परळला टाटामध्ये, राहायला दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत. गावाकडून रोज फोन, दूध बंद करा साखर बंद करा भात बंद करा, फक्त कच्च्या भाज्यांचा रस द्या. आई साधी, तिने ऐकलं सगळ्यांचं. दोन केमोच्या मधे वजन भराभर उतरलं, रक्ताचे काउंट खाली आणि पुढची केमो लांबवावी लागली. तिथल्या डाएटच्या मॅडमनी आईला समोर बसवून विचारलं की तुम्हाला मनापासून काय आवडतं. आई म्हणाली शेवयाची खीर. त्या म्हणाल्या मग खीर खा, दूध आहे, शेवया आहेत, वरून बदामाची पूड घाला आणि सोबत दोन अंडी किंवा वरण खा. आईने त्या दिवशी कितीतरी दिवसांनी वाटी संपवली.

माणूस आजारी असला की घरातल्यांना काहीतरी करायचं असतं. औषध आपल्या हातात नाही, मग ताट हातात घेतात. प्रेमच असतं त्यात, पण आजारी माणसाला ते रोज परीक्षा दिल्यासारखं होतं. पारिजातताईंच्या मिस्टरांना माझी विनंती आहे की एकदा तुम्ही स्वतः डाएटिशियनकडे बरोबर जा आणि मग फोनवरच्या सगळ्यांना उत्तर तुम्ही द्या, ताईंना द्यायला लावू नका.

उत्तरेकडची_मावशी

मी पुण्याची, बरीच वर्षं स्वीडनमध्ये. इथे कॉफी आणि दालचिनीचा गोड पाव घेऊन बसणं हा दिवसाचा भाग आहे, त्याला फिका म्हणतात, ऑफिसात हॉस्पिटलात सगळीकडे चालतो. माझी ट्रीटमेंट इथेच झाली आणि नर्सनेच कॉफी आणून दिली होती, तेव्हा मीही चकित झाले.

एक गोष्ट तुमच्या कामाची. इथल्या लुंड विद्यापीठाचा २०१५चा एक अभ्यास आहे, त्यात टॅमॉक्सिफेन (हॉर्मोन पॉझिटिव्ह आजारात पुढे बरीच वर्षं देतात त्यातली एक गोळी) घेणाऱ्या ज्या बायका दिवसाला दोन किंवा जास्त कप कॉफी प्यायच्या त्यांच्यात आजार परत येण्याचं प्रमाण कमी दिसलं. पण हे नीट वाचा, हा नुसता निरीक्षणाचा अभ्यास आहे, कॉफीमुळेच तसं झालं असं त्यावरून म्हणता येत नाही, आणि कॉफी म्हणजे औषध समजून न पिणाऱ्यांनी प्यायला लागू नये. मी सांगतेय ते फक्त ज्यांना कपाकडे बघून भीती वाटते त्यांच्यासाठी. मला टॅमॉक्सिफेनने अंगातून एकदम वाफा निघायच्या आणि गरम कॉफी घेतली की त्या वाढायच्या, म्हणून मी दुपारची थंड करून घ्यायला लागले. प्रत्येकीचं वेगळं असतं ते.

हां, आणि जपायचंच असेल तर दारूला जपा. तिचा स्तनाच्या कॅन्सरशी संबंध पक्का आहे, थोडी घेतली तरी. तुमचा तो प्रश्न नसेल, पण वाचणाऱ्या इतर जणींसाठी लिहिलं, कारण हल्ली वाईनचा एक ग्लास तब्येतीला चांगला असंही पसरवतात.

पारिजात_नाशिक

तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू. रात्री ह्यांना सगळं वाचायला दिलं, मग त्यांनी मोठ्याने सासूबाईंना वाचून दाखवलं. आई काही बोलल्या नाहीत, फक्त शेवयाच्या खिरीपाशी परत वाच म्हणाल्या. आणि आज चार वाजता दोन कप आले. माझा अर्धाच होता.

डाएटिशियन मॅडम, दोनच शंका. पॅक्लिटॅक्सेल चालू झाल्यावर काही वेगळं का? माझी शुगर बॉर्डरवर आहे. आणि मोदकाचं काय, गणपतीत माझ्या लाल औषधाच्या केमोला साधारण दहा दिवस झालेले असतील.

आहार_आणि_आपण

पॅक्लिटॅक्सेलच्या आधी ॲलर्जी होऊ नये म्हणून स्टिरॉइड देतात आणि त्याने साखर एक-दोन दिवस चढते. बॉर्डरवर असाल तर डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा आणि त्या दिवसांत घरी ग्लुकोमीटरवर बघत जा. गोड खायचं ते त्या दोन दिवसांत नको, पुढे ढकला, एवढं सोपं.

मोदक खा. जेवणाबरोबर खा, वरण आणि कोशिंबीर पोटात असताना, म्हणजे साखर एकदम उसळत नाही. एक-दोन पुरे, आणि त्या दिवशी भात थोडा कमी घ्या. तूप चमचाभर.

पण दहावा दिवस म्हणालात म्हणून वेगळी काळजी सांगते, आणि ती साखरेपेक्षा महत्त्वाची आहे. केमोनंतर साधारण सात ते चौदा दिवसांत पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी असतात. तेव्हा बाहेरचे पेढे, माव्याची मिठाई, क्रीमचा केक, उघड्यावरचं काही नको. घरचे मोदक उकडलेले असतात, वाफेतून काढल्यावर ताजे खाल्ले तर उत्तम. नैवेद्याचे तासन्तास बाहेर राहिलेले खाऊ नका, नैवेद्याच्या आधी नको वाटत असेल तर जाऊबाईंना सांगा तुमच्या वाटणीचे कच्चे बाजूला ठेवून नंतर उकडायला. पंचामृत त्या दिवशी नुसतं डोळ्यांना लावा, कच्चं दूध आणि दही असतं. आरतीला गर्दी होईल, सर्दी-खोकला असलेल्यांना लांबून नमस्कार, तुम्ही मास्क लावा. ताप १००.४ फॅरेनहाइट किंवा वर गेला तर सण आहे म्हणून सकाळपर्यंत थांबायचं नाही, रात्रीही हॉस्पिटलला फोन करून निघायचं. तो नंबर आत्ताच फ्रीजवर लावून ठेवा.

करवीर_वहिनी

आणि ताई, हात मळायला शिवशिवत असतील तर पारी तुम्ही करा खुशाल, उकड जाऊबाईंना काढू दे. ज्या बाजूच्या काखेतल्या ग्रंथी काढल्यात त्या हाताला वाफेचा चटका बसू देऊ नका फक्त, सूज येते. मी अजूनही कुकर उघडताना हातमोजा घालते.