कांद्याच्या मुळीच्या स्लाईडमधी पेशीचं विभाजन दिसूनच नाही राहिलं, काय चुकते?

पोट्टा_वऱ्हाडी: अकरावीले हाये. प्रॅक्टिकलसाठी कांदा ग्लासावर ठेवला, चार दिवसात पांढऱ्या मुळ्या फुटल्या, मंग अ‍ॅसिटोकार्माईन हा लाल रंग टाकून स्लाईड बनवली, अंगठ्यानं दाबता दाबता दोन कव्हरस्लिप फोडल्या (त्याचे बोलणे वेगळे खाल्ले), अन् मायक्रोस्कोपमधी पाहतो तं नुसत्या लांबुळक्या पेशी, मधात एकेक लाल ठिपका, बस. पुस्तकात तं गुणसूत्रं कशी लाईनीत उभी असतात. सर म्हणे इंटरफेज आहे, म्हणजे दोन विभाजनांच्या मधातला काळ, पेशी आराम करते. आराम करते तं मुळी वाढते कशी बे?

झूवाली_ताई: लांबुळक्या म्हणजे तू मुळीचा वरचा भाग घेतला. विभाजन शेंड्याच्या एक-दोन मिलिमीटरमधीच चालते, वरच्या पेशी फक्त लांबत जातात. रंग जिथं गडद चढला तेवढं टोक ठेव, बाकी ब्लेडनं उडव. अन् मुळी आधी ॲसिडमधी हलकी गरम केली होती का? नाही तं पेशी सुट्याच होत नाहीत.

आराम-बिराम काही नाही रे. माणसाची पेशी लॅबमधी वाढवली तं चक्र साधारण 24 तासाचं, त्यात विभाजनाले जेमतेम एक तास. पोळा फुटते घडीभरात, पण बैल धुवा, शिंगं रंगवा, झूल चढवा, दिवस त्यातच जाते ना. तसे इंटरफेजचे तीन टप्पे: जी-वनमधी पेशी मोठी होते, एसमधी डीएनएची कॉपी, जी-टूमधी कॉपी बरोबर उतरली का ते पाहणं, मंग विभाजन.

पोट्टा_वऱ्हाडी: मंग एसनंतर कांद्याच्या पेशीतल्या 16 ची 32 गुणसूत्रं झाली म्हणा?

झूवाली_ताई: नाही बा, इथंच नीट परीक्षेत पोट्टे फसतात. डीएनए दुप्पट, गुणसूत्रं 16च, कारण दोन्ही कॉप्या सेंट्रोमियरपाशी, म्हणजे जोडाच्या जागी, जुळलेल्या असतात, म्हणून मोजायचं एकच. अ‍ॅनाफेजमधी, म्हणजे कॉप्या अलग व्हायच्या टप्प्यात, सुटल्या की घडीभर 32, मंग दोन पेशीत 16-16.

बोंडवाला: मी कॉमर्सवाला, पण एक सांगतो, कापसाच्या सरकीवरचा एकेक धागा म्हणजे एकच पेशी असते. फूल उमलते तेव्हापासून सरकीच्या सालीतून निघते अन् विभाजन न होताच अडीच-तीन सेंटिमीटर लांबते. जिनिंगमधी चिमटीत धागा खेचून लांबी पाहतात ना, ती पेशीचीच लांबी.

पोट्टा_वऱ्हाडी: काय सांगता काका! मंग सोमवारी सरांले बोंडच नेऊन दाखवतो, कव्हरस्लिप तरी लागत नाही.