मदत हवी आहे: कोन फिल्टर लावलेली अबार्थ पुन्टो उन्हाळ्यात तापतेय

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहितो, कारण आकडे न देता विचारलं की 'चांगल्या मेकॅनिकला दाखवा' एवढंच उत्तर मिळतं, आणि या गाडीचा चांगला मेकॅनिक इथून दीडशे किलोमीटरवर नागपुरात आहे. मी पांढरकवड्याजवळ राहतो. आमचं कृषी केंद्र एका जिनिंगच्या (कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या) अगदी समोर आहे.

गाडी २०१६ ची अबार्थ पुन्टो, १.४ लिटर टी-जेट टर्बो, १४५ पीएस. गेल्या दिवाळीत पुण्याहून सेकंडहँड आणली. रांजणगावात बनली, पुण्यात वाढली आणि नांदायला आली आमच्याकडे.

जानेवारीत एका दुकानातून कंपनीचा एअरबॉक्स (हवेचा फिल्टर असतो तो बंद डबा) काढून उघडा कोन, म्हणजे शंकूच्या आकाराचा, फिल्टर बसवून घेतला. पॉवर वाढेल असं दुकानदार म्हणाला होता, पण खरं सांगायचं तर मला आवाज हवा होता. गिअर बदलताना टर्बो जो सुस्कारा टाकतो त्यासाठी चौकातले पोट्टे 'दादा, एकदा दाब ना' म्हणतात. त्याची चटक लागते. फिल्टर तेल लावलेल्या कापसाच्या जाळीचा आहे. कापसाच्या मुलखात पैसे देऊन कापूस विकत आणणारा मीच पहिला असेन.

हिवाळ्यात काही त्रास नव्हता. मार्च संपला तसं सुरू झालं. ओबीडी डोंगलवर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारं छोटं यंत्र) बघितलेलं सांगतो, बाहेर ४४ अंश असतानाचं. हिंगणघाटच्या गर्दीत कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) १०२ पर्यंत जातो, पंखा लागला की ९६ वर येतो. पण जाम ते बुटीबोरी हायवेवर १०० च्या स्पीडने एसी लावून चाललं की हळूहळू चढत १०८. मग एसी आपोआप बंद पडतो आणि बायको माझ्याकडे बघते.

दुसरी गोष्ट पिकअपची, तो मेलाय. अंडी उबवण्याच्या पेटीचं वायरवालं डिजिटल थर्मामीटर फिल्टरच्या तोंडाशी बांधून पाहिलं. गाडी उभी असताना ७१, हायवेवर ५८. म्हणजे बाहेर ४४ ची हवा असताना फिल्टर ७१ ची ओढतोय. माझ्या हिशोबाने ती जवळजवळ ८ टक्के विरळ झाली.

गावातले सल्ले असे आले. एक, थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की उघडून कूलंट रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह) काढून फेक. दोन, बोनेटच्या मागच्या बिजागरीखाली वायसर टाकून बोनेट उचल, गरम हवा निघून जाईल. तीन, बोनेट कापून त्यावर स्कूप (हवा आत घेणारं तोंड) बसव. वेल्डिंगवाला तयारच आहे. माझ्या डोक्यात चौथं आहे: पंधरा किलोच्या तेलाच्या डब्याचा पत्रा कापून फिल्टरभोवती पेटी करायची आणि बंपरमागून चार इंची पाइप आणायचा. काय करू?

काळी_माती: भाऊ, ह्या उन्हात मानसं तापून रायली, गाडीचं काय घेऊन बसले. थर्मोस्टॅट मात्र काढू नोका. म्या जीपचा काढला होता. थंडीत काटा वरच येत नोता अन् डिझेल दुप्पट पेत होती. अन् १०८ ले थे तसाबी पूर्ण उघडाच रायते, काढून भेटते काय?

रिटायर्ड_फोरमन: तुम्ही दोन वेगळे आजार एकत्र सांगताय. कोन फिल्टरने पिकअप मरेल, पण कूलंट १०८ वर नेणार नाही. गर्दीत पंखा लागल्यावर तापमान उतरतं, म्हणजे पंखा आणि त्याचा स्विच ठीक आहे. तापतंय ते स्पीडला, जिथे वारा भरपूर मिळायला हवा. मग एकतर रेडिएटरमधून हवा जात नाही, नाहीतर आतून पाणी नीट फिरत नाही. इंजिन थंड असताना इंजिनच्या बाजूने रेडिएटरवर टॉर्च मारा आणि कुणाला तरी समोर उभं करा. उजेड सगळीकडून दिसतो का? आणि कूलंटमध्ये पाणी कुठलं घातलंय?

धागाकर्ता: काका, टॉर्च मारला. समोरून कंडेन्सर स्वच्छ दिसतो, मी दर आठवड्याला धुतो. पण खालच्या अर्ध्या भागातून उजेडच येत नाही! पाणी फेब्रुवारीत होज बदलताना मेकॅनिकने टाकलं. बोअरचं.

रिटायर्ड_फोरमन: समोर दिसतो तो एसीचा कंडेन्सर. रेडिएटर त्याच्यामागे आणि दोघांमध्ये जेमतेम बोटभर फट. घाण तिथे बसते. वरचे बोल्ट सोडून कंडेन्सर जितका पुढे येईल तितकाच घ्या, गॅसच्या पाइपला हात लावू नका. पाणी इंजिनच्या बाजूने पुढे मारा, म्हणजे कचरा आला तसा परत जाईल. साधा नळीचा पाइप पुरे. प्रेशर वॉशरने ॲल्युमिनियमच्या पापण्या (रेडिएटरच्या बारीक पट्ट्या) झोपतात आणि रेडिएटर कायमचा जातो.

बोअरचं पाणी आजच काढा. तुमच्याकडच्या पाण्याने घागरीच्या तळाला पांढरा थर येतो ना, तोच थर आतल्या नळ्यांना येतो. गाडीच्या पुस्तकात लिहिलेला कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं. नुसता कूलंटही ओतू नका, त्यात पाण्याइतकी उष्णता वाहून न्यायची ताकद नसते. आणि झाकणाचं रबर बघा. दाब धरला नाही तर पाणी लवकर उकळतं. गरम असताना झाकण उघडायचं नाही, हे मी चाळीस वर्षं सांगतोय आणि तरी दरवर्षी कुणीतरी हात भाजून घेतो.

नागपुरी_क्लच: वायसरवाला सल्ला उलटा पडू शकतो. समोरच्या काचेच्या पायथ्याशी चालत्या गाडीत हवेचा दाब जास्त असतो. बोनेट मागून उचललं तर स्पीडला हवा बाहेर जायच्या ऐवजी आत घुसेल, आणि समोरून येणाऱ्या हवेला निघायला वाट राहणार नाही. उभ्या गाडीत फायदा दिसतो म्हणून लोकांना पटतं. बोनेट कापायच्या आधी मोटार वाहन कायदा १९८८ चं, गाडीत बदल करण्याबद्दलचं कलम ५२ वाचा, आणि क्लेमच्या वेळी इन्शुरन्सवाला काय म्हणेल तेही मनात आणा.

धागाकर्ता: काल दुपार यात गेली. कंडेन्सर पुढे ओढला आणि मागे काय निघालं? गोधडी! अक्षरशः. जिनिंगची रुई, त्यावर काळ्या मातीची धूळ, सोयाबीनचं भूस, सगळं मिळून नमद्यासारखा थर, खालच्या अर्ध्या रेडिएटरवर. दिवाळीपासून मार्चपर्यंत आमच्या रोडच्या बाभळीसुद्धा कापसाने पांढऱ्या होतात, तेव्हा गाडीने किती गिळला असेल. आईने थर हातात घेऊन पाहिला आणि म्हणाली, वाती होतील.

कूलंट बदलला. डिस्टिल्ड वॉटर दोनदा फिरवून काढलं, पहिलं चहासारखं आलं. आज करंजीपर्यंत जाऊन आलो: बाहेर ४३, एसी चालू, १०० चा स्पीड, कूलंट ९७ च्या वर गेला नाही. काका, तुम्हाला साष्टांग.

पण फिल्टरच्या तोंडाशी अजून ५८ च आहेत. डब्याची पेटी करू का?

रिटायर्ड_फोरमन: पत्रा इंजिनशेजारी स्वतःच तवा होतो. जुना एअरबॉक्स आहे का? तो प्लास्टिकचा, बंद, समोरून थंड हवा घेणारा. तुम्ही जे बनवायला निघालात तेच कंपनीने करून दिलं होतं. शिवाय तुमच्याकडची धूळ पिठासारखी बारीक असते, तिला कागदी फिल्टर चांगला अडवतो. ती टर्बोच्या पात्यांवर गेली तर खर्च फिल्टरच्या कितीतरी पट.

काळी_माती: मंग सुस्कारा गेला नं भाऊ!

धागाकर्ता: गेला. बॉक्स कोठीत पोत्यांमागे सापडला, एक क्लिप तुटली होती ती तारेने बांधली. फिल्टरच्या तोंडाशी आता हायवेवर ४७. चौथ्या गिअरमधला ओव्हरटेक परत जानेवारीआधीसारखा झालाय. पोट्टे नाराज आहेत.

आता एकच राहिलं. दिवाळीला रुई पुन्हा सुरू होईल. ग्रिलमागे काढ-घाल करता येईल अशी जाळी बसवायची आहे. मच्छरदाणीची नायलॉन जाळी लावून पाहिली तर हायवेवर कूलंट लगेच ४ अंशांनी वर गेला, म्हणून काढली. हार्वेस्टरच्या रेडिएटरपुढे असते तसली भोकांची जाळी कुणी कारला लावली आहे का? भोक किती मिलिमीटरचं ठेवलं, आणि आठवड्यातून किती वेळा झाडावी लागते?