काकांनी इंग्लंडहून आणलेली रॅले बर्नर सायकल: रंग द्यावा का, आणि किंमत किती धरावी?

तापीकाठ (भुसावळ)

राम राम मंडळी. माझ्याकडे लहानपणापासूनची बीएमएक्स (उड्या-कसरतींची लहान चाकांची सायकल) आहे, रॅले बर्नर. धाकटे काका नोकरीनिमित्त इंग्लंडात होते, परत येताना त्यांनी ती माझ्यासाठी खोक्यात बांधून आणली. आमच्या रेल्वे कॉलनीत तेव्हा घरोघरी वडिलांची मोठी काळी सायकल. पोरं नळीखालून पाय घालून हाफ पायडल मारायची. त्यात ही वीस इंची, निळी फ्रेम, पिवळी प्लास्टिकची चाकं. मैदानाच्या कडेला मुरमाचा ढीग होता, त्यावरून उडी मारायला पोरांची रांग लागायची. मी सगळ्यांना चालवू दिली, पण रात्री ती घरात, माझ्या खाटेशेजारी.

वडील निवृत्त झाले, क्वार्टर सुटलं, तेव्हापासून ती माळ्यावर होती. आता घराचं काम काढलं म्हणून खाली उतरवली. फ्रेमचा निळा रंग एका बाजूने फिका पडलाय, खालच्या नळीवरचं स्टिकर अर्धं उरलंय. हँडलच्या क्रोमवर तांबूस ठिपके आहेत. मुठींचं रबर हाताला चिकटतं. टायरला भेगा आहेत, पायडल फिरतं पण आत खरखर वाजतं. हँडलच्या आडव्या दांडीवरचं फोमचं कव्हर आहे, फ्रेमवरचं हरवलं.

जळगावला एमआयडीसीत पावडर कोटिंग (भट्टीत भाजून बसवलेला पावडरचा रंग) करून नवी कोरी करून घ्यावी असं मुलगा म्हणतो. भंगारवाल्याने वजनावर भाव सांगितला, त्याला मी दारातूनच परत पाठवलं. विकायची घाई नाही, पण तिची खरी किंमत काय हे मला कळायला हवं. काय करू?

केळीबाग (रावेर)

भाऊ, मुलगा बरोबर बोलतोय. पावडर कोटिंग पंधरा-वीस वर्षं हलत नाही. नवे टायर टाका, नवी सीट टाका, नातवंडं चालवतील. वस्तू वापरात असलेली चांगली.

मिस्त्री_धुळे

तापीकाठ भाऊ, कोटिंगवाल्याकडे अजिबात नेऊ नका. रावेरच्या भाऊंचा हेतू चांगला आहे, पण कोटिंगआधी फ्रेम ब्लास्टिंगला घालतात, म्हणजे वाळूसारख्या कणांचा मारा करून खरवडतात. त्यात मूळ रंग आणि स्टिकर दोन्ही जातात. नवी स्टिकरं मिळतात, रॅलेने अलीकडे बर्नरच्या प्रतिकृतीसुद्धा काढल्या. पण कारखान्यातून आलेला रंग एकदाच लागतो. जुन्या बीएमएक्सचे शौकीन आधी तोच बघतात, फिका असला तरी.

आधी ती नक्की कोणती आहे ते ठरवू. आपल्याकडे रॅले म्हटलं की लोकांना आसनसोलच्या सेन-रॅलेच्या सायकली आठवतात. बर्नर वेगळी, ती इंग्लंडात 1982 मध्ये बाजारात आली. सायकल उलटी करा आणि पायडलच्या दांड्याची नळी खालून कापडाने पुसा. तिथे नाही सापडला तर सीटच्या नळीवर नंबर ठोकलेला असेल. पहिलं अक्षर कारखान्याचं, दुसरं महिन्याचं, त्यापुढचा आकडा वर्षाचा. पूर्ण नंबर इथे टाकू नका, सुरुवातीचे तीन पुरे.

मग फ्रेम तपासा, हे सगळ्यात महत्त्वाचं. हँडलच्या नळीला फ्रेमच्या दोन नळ्या जुळतात, त्या जोडाच्या मागे, खालच्या नळीच्या पोटावर बोट फिरवा. सुरकुती लागली किंवा रंगाला आडवी चीर दिसली, तर समोरून ठोकर बसून फ्रेम मागे सरकली आहे. उड्या मारलेल्या सायकलीत हे हमखास आढळतं. पुढचं चाक धरणारा चिमटा बाजूने बघा, त्याचे पाय मागे वाकलेले नकोत. पिवळी चाकं नायलॉनची असतात, त्यांना आऱ्यांच्या चाकासारखं ओढून सरळ करता येत नाही. हबपाशी (चाकाच्या मधल्या तुंब्यापाशी) आणि व्हॉल्व्हच्या भोकाशी केसासारखी चीर आहे का, उजेडात फिरवून बघा. चीर असली तर त्यावर बसू नका.

सफाई अशी करा. फ्रेम साबणाच्या कोमट पाण्याने आणि मऊ फडक्याने, स्टिकरच्या कडेला फडकं घासायचं नाही, नुसतं टेकवायचं. रॉकेल, पेट्रोल, थिनर स्टिकरच्या आणि प्लास्टिकच्या चाकाच्या जवळपास नको. हँडलच्या ठिपक्यांसाठी स्वयंपाकघरातला ॲल्युमिनियम फॉईल चुरगाळून पाण्यात बुडवा आणि हलक्या हाताने फिरवा. फॉईल क्रोमपेक्षा मऊ, त्यामुळे ओरखडे पडत नाहीत. काळपट पाणी निघेल, पुसलं की चमक दिसते. तारेची घासणी मात्र नको.

खरखर आहे ती वाळलेल्या ग्रीसची. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो आणि माळा तर भट्टीच, तिथे ग्रीसचा गोंद होतो. पण त्याच कोरड्या हवेने तुमचं क्रोम वाचवलं. कोकणात एवढी वर्षं राहिली असती तर हँडल सोलून निघालं असतं. कटोऱ्या उघडा, छर्रे रॉकेलात धुवा, नवे छर्रे आणि ग्रीस घाला. डावं पायडल उलट्या आट्यांचं असतं, ते घड्याळाच्या काट्याच्या दिशेने सुटतं. जोर लावण्याआधी हे लक्षात ठेवा. क्रँक (पायडल ज्यावर बसतं तो दांडा) एकसंध असेल तर पायडलचा आटा अर्धा इंची, तीन तुकड्यांचा असेल तर नऊ सोळांश. दुकानदाराला जुनं पायडल दाखवूनच नवं घ्या.

टायर 20 × 1.75 असा आकडा बघून घ्या, आपल्याकडे मुलांच्या सायकलींना तोच मिळतो. 20 × 1⅜ लिहिलेला घेऊ नका, नावाला वीस इंची पण रिम मोठी, बसणार नाही. काढलेले जुने टायर, मुठी, ब्रेकची रबरं, एकेक नट फेकू नका, पिशवीत नाव लिहून ठेवा.

अमळनेरकर_वैशाली

मिस्त्रीभाऊंनी दुरुस्तीचं सगळं सांगितलं, मी किमतीपुरतं बोलते. माझ्या भावाने जुन्या सायकली घेतल्या-विकल्या आहेत, त्याचे व्यवहार मी सांभाळते. लिलावाच्या साइटवर विक्रेत्याने मागितलेली किंमत बघू नका, तिथे कोणीही काहीही लिहितो. विकून झालेल्या वस्तूंचीच यादी उघडा आणि तुमच्या वर्षाची, तुमच्या रंगाची, तितकेच मूळ भाग असलेली सायकल शोधा. फ्रेमवरचं फोम कव्हर नसल्याने किंमत उतरेल, कारण हे मऊ सामान सगळ्यात आधी फाटतं आणि हरवतं. माळ्यावरची खोकी पुन्हा एकदा हाताने चाचपा.

बर्नरचे खरे चाहते ब्रिटनमध्ये. इथला गिऱ्हाईक ‘लहान पोरांची जुनी सायकल’ म्हणूनच भाव करेल. तिकडे पाठवायचं तर पॅकिंग, भाडं, कस्टम हे त्या किमतीतून वजा करा, मग हाती काय उरतं ते कळेल. फोटोशिवाय मी आकडा सांगणार नाही. चेनच्या बाजूने सकाळच्या उजेडात एक, नंबरचा एक, प्रत्येक स्टिकरचा जवळून, क्रँकचा आणि चाकाच्या हबचा, एवढे काढा.

आणि मनापासून सांगते, भाऊ, ईकू नको. तुनी सायकल भारी शे.

तापीकाठ (भुसावळ)

ताई, मिस्त्रीभाऊ, खूप आभार. सायकल उलटी करून नंबर पुसला. पहिलं अक्षर एन, मग एच, मग 3. नळीच्या पोटावर बोट फिरवलं, गुळगुळीत लागतं, चीर नाही. मागच्या चाकाला व्हॉल्व्हपाशी मात्र बारीक रेघ दिसते, नखाला अडकत नाही. फोम कव्हर खोक्यांत मिळालं नाही, पण काकांना आलेली दुकानाची पावती वडिलांच्या फायलीत सापडली. कोटिंगचं रद्द, मुलालाही पटलं.

मिस्त्री_धुळे

एन म्हणजे नॉटिंगहॅम. बर्नर ऐंशीच्या दशकातली, म्हणून 3 म्हणजे 1983. पावती प्लास्टिकच्या पाकिटात ठेवा, पुढे सायकल कुठेही गेली तरी ती बरोबर गेली पाहिजे. नखाला न अडकणारी रेघ बहुधा साच्याची असते. दोन्ही बाजूंनी तशीच आणि सरळ असेल तर साच्याची, एकाच बाजूला आणि वाकडी असेल तर चीर. हवा भरण्याआधी तेवढं बघून फोटो टाका.